तेरा शनिवार : तालुक्याच्या केबलवरील एका कार्यक्रमाचे प्रकरण

सप्टेंबर २०१६ च्या गणेशोत्सवात, तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी, स्थानिक केबल वाहिनीवर चालू घडामोडींचा अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी रात्री आठ वाजता तो दाखवला जाई आणि रविवारी सकाळी त्याचे पुनःप्रक्षेपण होई. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याचा तेरावा भाग दाखवला गेला आणि त्यानंतर तो पडद्यावर कधी आला नाही. संपादन आणि सूत्रसंचालन या दोन्ही जबाबदाऱ्या माझ्याकडे होत्या. वाहिनीचे, गावाचे आणि कार्यक्रमाचे नाव येथे देत नाही, कारण त्यातील माणसे आजही तेथेच राहतात आणि या लेखाचा हेतू कोणाला दोष लावण्याचा नाही.

कार्यक्रम बंद पडल्यावर गावात दोन कारणे सांगितली गेली. पहिले असे की निवडणुकीत कोणीतरी दबाव आणला. दुसरे असे की नोटाबंदीने जाहिराती आटल्या. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींविषयी मी पुढे लिहिणार आहे. तथापि, कार्यक्रमातला प्रत्येक प्रश्न ज्यात नोंदवला जाई त्या प्रश्नवहीची पाने पुन्हा पुन्हा चाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही दोन्ही कारणे नसती, तरी कार्यक्रम फार तर आणखी एखादे वर्ष टिकला असता. प्रश्न विचारणारे लोक एका ठिकाणी होते, तो पाहणारे दुसऱ्या ठिकाणी होते आणि त्यासाठी पैसे देणारे तिसरेच होते. ही फारकत आम्हाला पहिल्या दिवशी दिसायला हवी होती. ती दिसली तेव्हा पाचवा आठवडा उजाडला होता.

गरज कोठून आली

खानदेशातील जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तीन जिल्ह्यांपैकी जळगाव आणि धुळे येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. दूरदर्शनचे निर्मिती केंद्र मात्र खानदेशात नाही. मराठीतील दूरदर्शनची निर्मिती मुंबई, पुणे आणि नागपूर येथून होते. खाजगी मराठी वृत्तवाहिन्यांचा प्रतिनिधी जिल्ह्याला एखादा असतो आणि त्याच्या बातमीला अर्धा-पाऊण मिनिट मिळते. मे महिन्यात भुसावळचा पारा चढला की खानदेश राज्यभर दिसतो, नेत्यांच्या पक्षांतराच्या वेळी दिसतो आणि मग पुन्हा दिसेनासा होतो. एखाद्या पाझर तलावाचे काम का रखडले, केळीचा भाव कोण ठरवतो, वनपट्ट्याचा दावा कोणत्या टेबलावर पडून आहे, या प्रश्नांना सलग दहा मिनिटे देणारी जागा त्या वेळी आमच्या भागात कोठेच नव्हती.

स्थानिक केबल ही एकच जागा हाताशी होती. केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम, १९९५ नुसार केबलचालकाला त्या वेळी आपल्या भागातील मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावी लागे आणि त्याच्या वाहिनीवर दाखवल्या जाणाऱ्या मजकुराला कार्यक्रम-संहिता लागू होते. केबलचालकांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या वितरकांच्या स्वतःच्या स्थानिक वाहिन्यांसाठी केंद्राची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आली. त्यांत दाखवलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपण्याची अट आहे. २०१६ मध्ये आमच्यावर अशी काही सक्ती नव्हती, आणि म्हणूनच तेरापैकी आठ भाग आज कोणाकडेही नाहीत. संगणकाच्या ज्या डिस्कवर ते ठेवले होते, तिच्यावर पुढच्या लग्नसराईचे चित्रीकरण उतरवले गेले. प्रकरण-अभ्यास म्हणून या लेखाची ही मोठी उणीव आहे. जे लिहितो आहे ते उरलेले पाच भाग, प्रश्नवही आणि चौघांची आठवण यांच्या आधारे.

आम्ही चौघेच होतो. एरवी लग्नाचे शूटिंग करणारा कॅमेरामन, संकलन करणारा बारावीनंतर घरी बसलेला एक हुशार मुलगा, मी, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. कार्यक्रमाची खरी शिस्त गुरुजींची होती. लाल पुठ्ठ्याच्या लांब वहीत ते प्रत्येक प्रश्न लिहीत : विचारणाऱ्याचे नाव, गाव, प्रश्न, तो कोणत्या कार्यालयाचा, उत्तर कोणी व कधी दिले, दिलेली मुदत आणि मुदतीनंतरची स्थिती. शेवटचा रकाना त्यांनी मुद्दाम रुंद आखला होता. दूरदर्शनवर १९८५ मध्ये विनोद दुआ यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘जनवाणी’ या कार्यक्रमात सामान्य माणसांनी मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारले होते, ते गुरुजींच्या चांगले लक्षात होते. त्यांचे म्हणणे असे की मंत्र्याला प्रश्न विचारता येतो तर मंडळ अधिकाऱ्याला विचारायला काय हरकत आहे. फक्त मंत्री उत्तर देऊन दिल्लीत राहतो, मंडळ अधिकारी मात्र सोमवारी त्याच गावात भेटतो, म्हणून आपल्याला पुढच्या आठवड्याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

केबल नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. अर्ध्या तासातली ६ मिनिटे वजा जाता २४ उरत. त्यांतील पहिली ११ मिनिटे गावाच्या पारावरच्या प्रश्नांना, पुढची १० संबंधित अधिकाऱ्याच्या किंवा पदाधिकाऱ्याच्या उत्तराला आणि अखेरची ३ मिनिटे मागच्या प्रश्नाचे काय झाले ते सांगायला, अशी वाटणी आम्ही केली होती. ती ३ मिनिटे तयार करायलाच सर्वांत जास्त पेट्रोल आणि वेळ लागे, आणि त्या खर्चाची तरतूद आम्ही कोठेही केलेली नव्हती.

केळीचा भाग

तिसऱ्या शनिवारी केळीच्या भावाचा भाग दाखवला. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळी हे केवळ पीक नाही; मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि विहिरीचे खोदकाम या सगळ्यांची तारीख घडाच्या कापणीवर ठरते. रोजच्या वर्तमानपत्रात भावाची एक चौकट येते : नवती, कांदेबाग, पिलबाग, वापसी असे केळीचे प्रकार, आणि पुढे ‘फरक’. बाहेरच्या वाचकाला त्यातले अक्षरही कळणार नाही, पण आमच्याकडे चहाच्या टपरीवर पेपर आला की पहिल्यांदा ते पान उलटते. जोडीला सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव फोनवरून येतो आणि दोन्हींची तुलना सुरू होते.

चित्रीकरण सकाळी सातला बागेच्या बांधावर झाले. मजूर घड कापून खांद्यावरून आणत होते, खाली केळीची वाळलेली पाने अंथरली होती आणि ट्रकजवळ काटा लावलेला होता. साठीच्या घरातले एक शेतकरी, सगळे त्यांना आप्पा म्हणत, त्या दिवशीच्या पेपराची चौकट फाडून टोपीच्या घडीत खोचून आले होते. कॅमेरा सुरू झाल्यावर त्यांनी ती चिठोरी काढली, तळहातावर पसरली आणि एवढेच विचारले, की पेपरात छापलेला भाव आणि बांधावर मिळणारा भाव हे एक नसतील, तर पेपरात छापतात तो भाव कोणाच्या केळीचा आहे? व्यापाऱ्याच्या माणसाने माल बारीक असल्याचे, गाडी भरायला उशीर झाल्याचे आणि पुढे उत्तरेत मागणी उतरल्याचे कारण सांगितले. ते सगळे खोटे नव्हते. केळी कापल्यानंतर थांबत नाही, घड झाडावर पिवळा पडू लागला की शेतकऱ्याला घासाघीस करायला वेळ उरत नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक असते. बाजार समितीच्या पदाधिकाऱ्याने स्टुडिओत, म्हणजे केबलच्या कंट्रोल रूमशेजारच्या खोलीत, असे उत्तर दिले की जाहीर भावापेक्षा कमी दराने खरेदी झाल्याची लेखी तक्रार आली तर समिती चौकशी करील. गुरुजींनी वहीत लिहिले : लेखी तक्रार, मुदत पंधरा दिवस.

पुढच्या आठवड्यात तक्रारीचा कागद तयार करायला आम्ही त्याच गावात गेलो. भाग कसा वाटला असे मी आप्पांना विचारले. ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, “भाऊ, बोलनूत ते आम्हीच, पन आमना घर ते दिखसच नई.” म्हणजे बोललो ते आम्हीच, पण आमच्या घरी ते दिसतच नाही.

त्या गावात केबल नव्हती. तालुक्याच्या गावापासून तेथवर तार ओढण्याचा खर्च आणि मिळणारी घरे यांचा मेळ केबलचालकाला कधीच बसला नव्हता. घराघरांवर छत्र्या होत्या. काहींवर दूरदर्शनची फुकट सेवा, काहींवर दरमहा पैसे भरायच्या कंपन्यांच्या. छत्रीवर उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या दिसतात, तालुक्याच्या केबलची वाहिनी दिसत नाही. हे मला तांत्रिकदृष्ट्या माहीत होते. परंतु ज्या आठ-दहा गावांत आम्ही चित्रीकरण ठरवले होते, त्यांपैकी किती गावांत केबल आहे, हे कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी विचारण्याचे मला सुचले नाही. पाचव्या आठवड्यात गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर यादी केली, तेव्हा त्यांत केबल असलेली दोनच गावे निघाली आणि तीही शहराला लागून होती.

या एका गोष्टीचे परिणाम पुढच्या प्रत्येक गोष्टीत दिसतात. ज्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले त्याने ते ऐकलेच नाही, म्हणून मुदत उलटल्यावर तो त्या अधिकाऱ्याकडे जाऊन ‘तुम्ही टीव्हीवर असे म्हणाला होतात’ असे सांगू शकत नव्हता. अधिकाऱ्यालाही लवकरच कळून चुकले की पारावरची माणसे त्याचे उत्तर पाहत नाहीत. शहरातले प्रेक्षक कार्यक्रम पाहत, पण केळीच्या भावातल्या फरकाशी किंवा पाझर तलावाशी त्यांचा रोजचा संबंध नसे. शहराच्या नळाला चार दिवसांआड येणाऱ्या पाण्याचा पहिला भाग त्यांना फार आवडला होता आणि तसेच काही पुन्हा करा, असे ते फोनवर सांगत.

या संदर्भात शेजारच्या गुजरातेतील एक जुने उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. १९७५ मध्ये इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने दूरदर्शनच्या सहकार्याने खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक किलोवॅटचे छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले. जिल्ह्यातल्या गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवले गेले आणि त्याच जिल्ह्यातल्या शेतमजुरी, जातिभेद, दुग्धव्यवसाय, आरोग्य अशा प्रश्नांवर तेथल्याच लोकांना घेऊन कार्यक्रम केले गेले. १९८४ मध्ये या उपक्रमाला ग्रामीण संप्रेषणाचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्यामागे सरकारी पैसा होता, शास्त्रज्ञ होते, आम्ही त्या मापाचे काही करू शकत नव्हतो हे उघड आहे. तरीही त्यातली एक गोष्ट आमच्या आवाक्यातली होती : ज्यांचा प्रश्न, त्यांच्या चावडीत संच. त्यांनी आधी पाहणाऱ्याची सोय केली आणि मग कार्यक्रम केला. आम्ही कार्यक्रम केला आणि पाहणारा गृहीत धरला.

चूक लक्षात आल्यावर आम्ही दोन उपाय केले. पहिला असा की भाग पेन ड्राइव्हवर घेऊन त्या गावच्या मंदिरात किंवा मंडळाच्या ओट्यावर दाखवायचा. दोन गावांत हे जमले. एकात गर्दी चांगली झाली. दुसऱ्यात दहाव्या मिनिटाला लाइट गेली आणि लोक तासभर बसून राहिले, पण ती आली नाही. दर आठवड्याला एवढी धावपळ चौघांच्या ताकदीबाहेरची होती. दुसरा उपाय अधिक सोपा होता. त्याच सप्टेंबरच्या ५ तारखेला जिओची सेवा सुरू झाली होती, वर्षअखेरपर्यंत डेटा फुकट होता आणि गावातल्या तरुणांच्या हाती नवे फोन दिसू लागले होते. भाग इंटरनेटवर टाकू या, असा प्रस्ताव आमच्या संकलक मुलाने मांडला. केबलचालक दादांनी तो मानला नाही. कार्यक्रम फुकट फोनवर दिसू लागला तर केबलचे पैसे कोण भरील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या बाजूने पाहता ते गैर नव्हते.

त्यांची अडचण समजून घेणे न्यायाचे होईल. केबलच्या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे उरलेल्या सर्व शहरी भागांची, मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. न्यायालयीन आदेशांमुळे ठिकठिकाणी ती पुढे रेंगाळली आणि आमच्या गावात सेट-टॉप बॉक्स बसवण्याचे काम २०१६ भर चालू होते. जुन्या पद्धतीत कोणती वाहिनी कितव्या क्रमांकावर ठेवायची हे दादा स्वतः ठरवत आणि आमची वाहिनी मराठी वाहिन्यांच्या शेजारी लागे. बॉक्स आल्यावर वाहिन्यांचा क्रम मोठ्या वितरकाच्या हाती गेला आणि आमची वाहिनी तीन आकडी क्रमांकावर जाऊन पडली. वयस्क प्रेक्षक रिमोटवर तेथपर्यंत पोहोचत नसत. बॉक्सचे पैसे ग्राहकांकडून वसूल करताना दादांची स्वतःची रक्कम अडकली होती, आणि अशा काळात त्यांनी आम्हाला खोली, संगणक आणि शनिवारची वेळ विनामोबदला दिली होती, हे विसरता येणार नाही.

पैसे कोणाचे

जाहिराती सराफ, कापड दुकान, खाजगी शिकवण्या आणि दवाखाने यांच्या होत्या. त्याशिवाय वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी. तालुक्यात नेत्याचा, त्याच्या मुलाचा किंवा संस्थेच्या अध्यक्षाचा वाढदिवस असला की पडद्याच्या तळाशी दिवसभर ती पट्टी फिरते, आणि स्थानिक वाहिनीची निम्मी चूल तिच्यावर पेटते. आमच्या कार्यक्रमात ज्याच्या संस्थेबद्दल प्रश्न येई, त्याच्याच शुभेच्छा कधी कधी त्या प्रश्नाच्या खाली फिरत असत. पट्टी कार्यक्रमाच्या अर्ध्या तासापुरती थांबवावी, ही मागणी दादांनी एका शब्दात मान्य केली. परंतु प्रश्न पट्टीचा नव्हता. जाहिरात कोणाची घ्यायची आणि शनिवारी कोणाला बोलवायचे, हे दोन्ही निर्णय अखेर एकाच माणसापाशी येऊन थांबत, आणि तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याला दोन्हीकडची तोंडे पाहावी लागत.

एका कृषी केंद्राच्या मालकाकडे मी स्वतः जाहिरात मागायला गेलो होतो. फळपीक विम्याचा भाग त्यांना आवडला होता. त्यात यावलकडच्या एका शेतकऱ्याने विचारले होते की विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. पण केंद्र गावठाणात आहे आणि माझी बाग नदीच्या खोलगटात, तेथे थंडी अधिक पडते, तर माझ्या करपलेल्या पानांची नोंद कोठे होते? हा प्रश्न नेमका असल्याचे त्या मालकांनी सांगितले, चहा पाजला आणि जाहिरातीला नकार दिला. ते म्हणाले, “माझं गिऱ्हाईक तुमच्या पडद्यावर आहे, पडद्यासमोर नाही. तुमच्यासमोर जे बसतात ते माझ्याकडून युरियाची गोणी घेत नाहीत.” ज्या भागातील सारा पैसा शेतातून बाजारात येतो, तेथे शेतीच्या कार्यक्रमाला शेतीशी जोडलेली एकही जाहिरात मिळाली नाही, त्याचे कारण या दोन वाक्यांत आहे.

ऑक्टोबरात नगरपालिका निवडणुकांची आचारसंहिता लागली. त्या वर्षी नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांतून होणार होती, त्यामुळे चुरस आणि खर्च दोन्ही वाढले. अधिकाऱ्यांनी आचारसंहितेचे कारण देऊन उत्तरांसाठी येणे थांबवले. काहींच्या बाबतीत ते खरे होते, काहींच्या बाबतीत सोयीचे. त्याच वेळी उमेदवारांची माणसे मुलाखतींचे दर विचारू लागली. पैसे घेऊन मुलाखत दाखवायची आणि तिला बातमीचे रूप द्यायचे, हा प्रकार आम्ही शनिवारच्या अर्ध्या तासात होऊ दिला नाही. दादांनी मधला मार्ग काढला : साडेसात ते आठ या वेळेत उमेदवारांच्या पैशांच्या मुलाखती आणि आठला आमचा कार्यक्रम. कागदोपत्री दोन्ही वेगळे होते. प्रेक्षकांना मात्र तीच वाहिनी, तीच निळ्या पडद्याची खोली आणि तोच माईक दिसत होता. दोन आठवड्यांत बाजारात बोलले जाऊ लागले की आम्हीही कोणाचे तरी आहोत. मी तेव्हाच कार्यक्रम थांबवून मतदानानंतर पुन्हा सुरू करायला हवा होता. तसे केले नाही, कारण सलग चाललेला कार्यक्रम तोडला तर तो परत उभा राहणार नाही, अशी मला भीती होती. ती भीती शेवटी खरी ठरली, पण तोपर्यंत जे नाव कमावले होते तेही गेले. कोणी धमकावले का, असे मला विचारले जाते. कोणीही धमकावले नाही. जाहिरात देणाऱ्या दोघांनी ‘निवडणूक होऊ द्या, मग बघू’ असे म्हटले, एवढाच दबाव होता आणि तेवढा पुरेसा होता.

बँकेसमोरची रांग

८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली. १२ तारखेचा भाग आम्ही पूर्ण बदलला आणि शहरातल्या बँकांसमोर चित्रीकरण केले. रांगेत उभ्या असलेल्या मजूर बाईने पदराच्या गाठीतून पाचशेच्या दोन नोटा काढून दाखवल्या. त्या तिला कापूस वेचणीच्या मजुरीत शनिवारच्या बाजारादिवशी मिळाल्या होत्या आणि मुकादम आता बदलून द्यायला तयार नव्हता. आमच्याकडे आलेले सर्वाधिक फोन याच भागाचे होते.

खरा प्रश्न पुढच्या आठवड्यात आला. १४ नोव्हेंबर रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास आणि बदलून देण्यास मनाई केली. शहरातील नोकरदाराचे खाते राष्ट्रीयीकृत बँकेत असते. खेड्यातल्या शेतकऱ्याचे सारे व्यवहार विकास सोसायटी आणि जिल्हा बँकेच्या शाखेत असतात. म्हणजे ज्यांच्यापाशी कापूस आणि केळीची रोकड होती, त्यांच्याच बँकेचा दरवाजा बंद झाला. रब्बीची पेरणी तोंडावर होती, कांदेबाग केळीची लागवड चालू होती, बियाणे आणि खत रोखीने घ्यायचे होते. आम्ही एका शाखेसमोर दोन तास थांबलो. शाखाधिकारी बाहेर आले, हात जोडले आणि परिपत्रकाची प्रत वाचून दाखवली. प्रश्न विचारणारे चिडलेले नव्हते, ते गोंधळलेले होते. एकाने विचारले की कर्ज याच बँकेचे आहे, पैसे माझ्या हातात आहेत, तुम्ही समोर उभे आहात, मग माझे कर्ज थकीत का धरले जाईल?

या प्रश्नाला तालुक्यात उत्तर देणारे कोणीही नव्हते. जिल्ह्यातही नव्हते. तो भाग आम्ही उत्तराशिवाय दाखवला, १० मिनिटे रिकामी राहिली म्हणून त्यांत परिपत्रकाचे मराठी भाषांतर गुरुजींनी संथपणे वाचले. तेरा भागांपैकी हा सर्वांत प्रामाणिक भाग होता असे मला वाटते, आणि तोच पाहून दादांनी पहिल्यांदा विचारले की ज्याचे उत्तर आपल्याला आणता येत नाही ते विचारायचे कशाला. मी म्हटले, विचारले गेले याची नोंद राहावी म्हणून. त्यांनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती.

जाहिरातींचे व्यवहार सारे रोखीचे होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून सराफ आणि कापड दुकानदारांनी हात आखडता घेतला, उमेदवारांच्या मुलाखतींचे पैसेही उधारीवर राहिले आणि कॅमेरामनने लग्नांच्या तारखा घेतल्या, ज्या त्याला घेणे भागच होते. महिनाअखेरीस मतदान झाले, निकाल लागले. ३ डिसेंबरचा भाग निकालानंतरच्या पाण्याच्या आश्वासनांवर होता, तो घाईने केलेला आणि सुमार होता. पुढच्या गुरुवारी दादांनी सांगितले की थोडे दिवस थांबू या, बॉक्सचे काम संपू दे. भांडण झाले नाही. चावी खुंटीला लावून आम्ही निघालो.

न दाखवलेला भाग

चौदावा भाग तयार होता. तो सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर चित्रित झाला होता. वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मागता येतो. दावा गावाच्या वनहक्क समितीकडून ग्रामसभेत, तेथून उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. पाड्यावरच्या एका विधवा बाईचा दावा ग्रामसभेने मंजूर करून पुढे पाठवला होता आणि त्यानंतर तो कोठे आहे हे तिला कोणी सांगत नव्हते. ती पावरी बोलीत बोलत होती. आश्रमशाळेत शिकलेला तिचा पुतण्या मराठीत सांगत होता. मी प्रश्न आवरता घ्यायला सांगितला, तेव्हा ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत गुंडाळलेली पावती घेऊन आली. पावतीवरचा शिक्का पुसट झाला होता, पण तारीख वाचता येत होती. तिने ती कॅमेऱ्यासमोर दोन्ही हातांनी धरली आणि आम्ही थांबा म्हणेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

कार्यक्रम बंद झाल्यावर गुरुजींनी वहीतली अपुरी पाने वेगळी काढली. ज्या ज्या गावचा प्रश्न होता, त्या त्या गावाला त्या पानाची झेरॉक्स नेऊन द्यायची असे त्यांनी ठरवले आणि डिसेंबर-जानेवारीत एस. टी. ने फिरून ते केले. केळीच्या गावी आप्पांनी पान घेतले, परंतु बाजार समितीकडे लेखी तक्रार करायला दुसरा कोणी शेतकरी सहीला तयार झाला नाही. घड त्याच व्यापाऱ्याला द्यायचे होते. पाड्यावर पुतण्याने पान घेतले आणि चौदावा भागही आपल्या फोनमध्ये मागून घेतला.

२६ जानेवारी २०१७ च्या ग्रामसभेत त्याने ते पान वाचून दाखवले. नंतर शाळेच्या टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि तो भाग लावला. आवाज लहान होता, मागच्यांना ऐकू येत नव्हता म्हणून तो दुसऱ्यांदा लावावा लागला. ग्रामसेवकांनी विषय इतिवृत्तात लिहिला आणि उपविभागीय कार्यालयाकडे दाव्याची स्थिती विचारणारे पत्र पाठवण्याचे ठरले. गुरुजी तेथे गेले होते. परत आल्यावर त्यांनी वहीतल्या त्या प्रश्नासमोरच्या रुंद रकान्यात पत्राचा जावक क्रमांक लिहिला आणि खाली थोडी जागा मोकळी सोडली.